गर्दीतून स्टेजचा फोटो: खिशातल्या साध्या कॅमेऱ्याला रात्री काय दिसतं?

चैत्रात आमच्या गावच्या यात्रेला अहिराणी गाण्यांचा कार्यक्रम झाला. माझ्या भाचीनं कपाटात पडून असलेला जुना डिजिटल कॅमेरा चार्ज करून सोबत नेला होता. खिशात मावणारे हे छोटे कॅमेरे फोन आल्यावर घरोघरी अडगळीत गेले होते. गेल्या दोन-तीन वर्षांत कॉलेजच्या पोरापोरींच्या हातात ते परत दिसायला लागलेत, काही जण तर जुन्या बाजारातून शोधून आणतात.

रात्री बाराच्या पुढे घरी आल्यावर ती ओट्यावर बसून फोटो बघत होती. एकशे चाळीस फोटो. त्यातल्या एकात पुढे बसलेल्या कुणा आबांची पांढरी टोपी इतकी स्वच्छ आली होती की तिची शिवण, इस्त्रीची घडी, मागं लागलेला गुलालाचा ठिपका, सगळं मोजून घ्यावं. टोपीच्या पलीकडे, जिथं गायिका उभी होती, तिथं नुसता काळोख. उरलेल्या फोटोंत गायिका होती, पण तिच्या चेहऱ्याच्या जागी पांढरा डाग होता आणि ढोलकीवाल्याला चार हात फुटले होते.

"मामा, कॅमेरा खराब झालाय का?"

कॅमेरा ठणठणीत होता. असे कॅमेरे बनवले जातात ते दिवसा, दोन मीटरवर उभ्या असलेल्या पाहुण्यांसाठी. रात्रीचा मांडव, लांबचं स्टेज आणि मध्ये दोनशे डोकी हे त्याच्या गणितात नसतं. ते गणित एकदा समजलं की त्याच कॅमेऱ्यातून बरे फोटो निघतात. त्या रात्री तिला जे समजावून सांगितलं, तेच इथं जरा नीट मांडतो.

उजेड म्हणजे ठिबकचं पाणी

केळीला ठिबक लावणाऱ्याला हे पटकन कळेल. झाडाला ठरलेलं पाणी मिळालंच पाहिजे. ड्रीपर मोठा असेल तर मोटार थोडा वेळ चालवली तरी पुरते, बारीक असेल तर जास्त वेळ चालवावी लागते. फोटोलाही असाच ठरावीक उजेड लागतो. लेन्सचं भोक म्हणजे ॲपर्चर. ते किती वेळ उघडं राहतं, तो शटर स्पीड. शटर १/६० म्हणजे सेकंदाचा साठावा भाग. ॲपर्चरचा आकडा मात्र उलटा चालतो. एफ ३ चं भोक एफ ६ पेक्षा मोठं असतं, आणि आकडा दुप्पट झाला की आत येणारा उजेड पावपट होतो.

तिसरी गोष्ट आयएसओ. कार्यक्रमात पेटीचा माइक बारीक लागत असेल तर साउंडवाला आवाज चढवतो. पेटी मोठी ऐकू येते, पण सोबत खरखरही वाढते. आयएसओ चढवला की कॅमेरा तेच करतो. मिळालेला उजेड फुगवून दाखवतो आणि फोटोत रवाळ दाणे उमटतात.

साध्या कॅमेऱ्याची खरी अडचण आहे त्याचा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारा तुकडा. बहुतेक साध्या कॅमेऱ्यांत तो जेमतेम ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा असतो, साधारण तुरीच्या दाण्याएवढा. वर्तमानपत्राच्या फोटोग्राफरकडच्या मोठ्या कॅमेऱ्यात तो ३६ बाय २४ मिलिमीटरचा असू शकतो, म्हणजे क्षेत्रफळात सुमारे तीसपट. त्यामुळे त्यांचा कॅमेरा ज्या आयएसओवर आरामात चालतो, तिथं आपल्याला दाणे दिसतात. हे बदलणार नाही, ते मान्य करून पुढं जायचं.

पण एक गोष्ट आपल्या बाजूनं आहे. मांडवात काळोख असला तरी गाणाऱ्यावर काळोख नसतो. त्याच्यावर स्टेजचे लाइट थेट पडत असतात, आणि तो उजेड घरातल्या ट्यूबपेक्षा कितीतरी जास्त असतो. उजेड आहे, फक्त तो चौकटीच्या छोट्याशा भागात आहे. बहुतेक फोटो बिघडतात ते इथंच.

एवढा उजेड आहे, तर चेहरा पांढरा का पडतो?

एका घरात दहा माणसं आहेत आणि एकच कमावता. सरासरी काढली तर ते घर गरीब निघेल. कॅमेरा अशीच सरासरी काढतो. समोरच्या चौकटीत नऊ भाग काळा मांडव आणि एक भाग गायिका. कॅमेऱ्याला वाटतं, फारच अंधार आहे, आणि तो शटर जास्त वेळ उघडं ठेवतो. काळा पडदा त्यामुळे राखाडी होतो, गायिकेचा चेहरा पांढराफटक पडतो आणि तेवढ्या वेळात ती हलली की फोटोही हलतो. एका चुकीत दोन नुकसानं.

यावर उपाय अगदी साध्या कॅमेऱ्यातही असतो. मेनूत किंवा गोल बटणावर अधिक-उण्याची खूण शोधा. ती उणे एकवर न्या, तरी चेहरा पांढरा वाटला तर आणखी खाली. याचा अर्थ कॅमेऱ्याला सांगायचं की तुझ्या हिशोबापेक्षा निम्माच उजेड घे. शटर आपोआप कमी वेळ उघडतं, म्हणजे हलण्याचा त्रासही कमी होतो. पडदा काळा राहिला तर राहू द्या, तो काळाच आहे.

ती खूण सापडली नाही तर दुसरी युक्ती. बटण अर्धं दाबलं की बहुतेक कॅमेरे फोकस आणि उजेडाचा हिशोब दोन्ही तिथंच पक्के करतात. म्हणून आधी चौकटीचा मधला भाग गायिकेवर आणायचा, बटण अर्धं दाबून धरायचं, मग चौकट हवी तशी सरकवून पुरतं दाबायचं. फोकससाठी कॅमेऱ्याला कड लागते, म्हणजे उजळ आणि काळ्याची स्पष्ट रेघ. सपाट रंगाच्या साडीवर तो चाचपडत राहतो. पदराचा काठ किंवा सदऱ्याची कॉलर दाखवली की लगेच पकडतो.

फ्लॅश लावला तर उजेड वाढणार नाही का?

वाढतो, पण पहिल्या दोन-तीन रांगांतल्या टोप्यांवर. साध्या कॅमेऱ्याचा फ्लॅश साधारण तीन-चार मीटरपर्यंत कामाचा. अंतर दुप्पट झालं की उजेड पावपट उरतो. तीन मीटरवर जेवढा पोचतो, त्याचा बारा मीटरवर सोळावा भाग आणि तीस मीटरवर शंभरावा. जवळ टोपी दिसली की कॅमेरा तिच्यापुरता हिशोब करतो आणि मागचं स्टेज काळं पडतं. भाचीच्या त्या टोपीचं कारण हेच.

यात्रेत आणखी एक गोष्ट होते. हवेत धूळ उडत असते. लेन्सच्या अगदी शेजारी असलेला फ्लॅश लेन्ससमोरच्या धुळीवर पडतो आणि फोटोभर पांढरे गोल ठिपके उमटतात. आमच्याकडे एका घरी असे ठिपके देवाचा प्रकाश म्हणून जपून ठेवलेले मी पाहिलेत. त्यांच्या श्रद्धेला माझी हरकत नाही, ठिपके मात्र धुळीचे असतात.

त्यामुळे फ्लॅश बंद. "ऑटो"वर नाही, बंदच. फोकससाठी पुढे जो केशरी दिवा पेटतो तोही मेनूतून बंद करा. लांबच्या स्टेजपर्यंत तो पोचत नाही, आणि जवळ असाल तर गाणाऱ्याच्या डोळ्यांत जातो.

मागं बसलो असलो तर झूम लावावाच लागेल ना?

झूम फुकट नसतो. साध्या कॅमेऱ्यात झूम नसताना ॲपर्चर एफ ३.३ च्या आसपास असतं, पूर्ण झूमला ते एफ ६.५ पर्यंत बारीक होतं. म्हणजे उजेड इथंच पावपट झाला. त्यात झूम केल्यावर हाताची थरथर मोठी होऊन दिसते. आधी १/३० ला जमत होतं तिथं आता १/१२५ लागतं, म्हणजे पुन्हा पावपट. दोन्ही मिळून सोळापट तोटा. कॅमेऱ्यात हाताची थरथर सावरणारी सोय असेल तर थोडं परत मिळतं, सगळं नाही.

दुसरी बाजूही बघा. वीस मीटरवरून झूम न करता उभा माणूस चौकटीच्या उंचीच्या दहाव्या भागाएवढाच दिसतो. तोच माणूस आठ मीटरवरून चौथ्या भागाएवढा. म्हणून पाय वापरा. यात्रेच्या मैदानात बाजूबाजूनं पुढं सरकायला बहुतेक वेळा वाट असते, कार्यक्रम सुरू होण्याआधी तासभर गेलात तर नक्कीच असते. पुढं जाणं शक्यच नसेल तर अर्ध्यापर्यंत झूम करा आणि बाकीचं घरी कापून घ्या. डिजिटल झूम आधीच बंद करून टाका. तो फक्त मधला भाग कापून फुगवतो, ते काम घरी जास्त चांगलं होतं.

किंवा गर्दीच फोटोत घ्या. मला स्वतःला हे फोटो जास्त आवडतात. पुढे डोक्यांची काळी रांग, कुणाच्या खांद्यावर बसलेलं पोर, आणि त्यांच्यावर उजळलेलं छोटं स्टेज. माइकमागचा चेहरा कुठल्याही कार्यक्रमाचा असू शकतो. मुंडाशी, टोप्या आणि डोक्यावरचे पदर दिसले की तो फोटो आपल्याकडचा होतो.

हात स्थिर, माणूस मात्र हलतो

हात स्थिर करणं सोपं आहे. कोपरं बरगड्यांना टेकवा, श्वास अर्धा सोडून थांबा, मांडवाचा खांब मिळाला तर कॅमेरा त्याला दाबून धरा. कॅमेऱ्याचा पट्टा लांब असेल तर गळ्यात घालून कॅमेरा पुढं ताणला की हात बराच थांबतो. एकापाठोपाठ तीन फोटो काढण्याची सोय असेल तर वापरा. पहिला फोटो बोट दाबण्याच्या धक्क्यानं हलतो, दुसरा-तिसरा बरेचदा नीट येतो.

हलणारा माणूस ही वेगळी गोष्ट. उभं राहून गाणाऱ्याला १/६० पुरतं, नाचणाऱ्याला १/२५० तरी हवं, आणि १/२५० ला १/६० च्या जेमतेम पाव उजेड मिळतो. साध्या कॅमेऱ्यात शटर हातानं ठरवता येत नाही, पण धावणाऱ्या माणसाचं चित्र असलेला स्पोर्ट्स मोड असतो. तो शटर जलद ठेवायचा प्रयत्न करतो, दाणे वाढले तरी चालतील असं धरून. स्टेजसाठी मी तोच लावतो. चंद्राचं चित्र असलेला मोड टाळा. तो शटर बराच वेळ उघडं ठेवतो आणि पुष्कळ कॅमेऱ्यांत वर फ्लॅशही पेटवतो.

यापलीकडं कॅमेऱ्याकडं देण्यासारखं काही उरत नाही, आणि मग कान कामाला येतात.

नाचणारा किंवा गाणारा सतत सारख्या वेगानं हलत नाही. उडी मारणारा वर पोचल्यावर क्षणभर थांबतो, तिथं त्याचा वेग शून्य असतो. कथक नाचणारी समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येऊन थबकते. शास्त्रीय गायकाचा हात समेला खाली येतो आणि लगेच चेहरा सैल होतो. तबल्यावर तिहाई, म्हणजे एकच बोल लागोपाठ तीनदा वाजवणं, सुरू झाली की तिचा शेवटचा धा समेवर पडणार हे ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असतं. या कॅमेऱ्यांचं बटण दाबल्यापासून फोटो निघेपर्यंत चांगला अर्धा सेकंद जाऊ शकतो, आणि त्यातला मोठा भाग फोकस शोधण्यात जातो. म्हणून तिहाई सुरू होताच बटण अर्धं दाबून फोकस पक्का करायचा आणि शेवटच्या धाच्या किंचित आधी पुरतं दाबायचं. जानेवारीत जळगावला छत्रपती संभाजीराजे नाट्यगृहात बालगंधर्व संगीत महोत्सव होतो. फोटो न काढता नुसतं असं ऐकत, मनातल्या मनात बटण दाबायचा सराव मी तिथंच बसून केला.

अहिराणी गाण्यांत तर हे आणखी सोपं जातं. धृपद, म्हणजे दर कडव्यानंतरची तीच ओळ, परत येणार हे सगळ्या मांडवाला माहीत असतं. ते आलं की गायिका माइक लोकांकडं धरते आणि दोन-तीन सेकंद हात लांब करून, हसत, जवळजवळ स्थिर उभी राहते. माइकही तोंडासमोरून हटलेला असतो. त्या रात्री भाचीनं कडव्याच्या मध्यावर, ती गिरकी घेत असताना, पन्नास फोटो काढले होते आणि धृपदाला कॅमेरा खाली ठेवून टाळ्या वाजवल्या होत्या. टाळ्या वाजवाव्यातच, पण एखादं धृपद कॅमेऱ्याला द्यावं.

लाल-निळ्या लाइटचा घोळ

सेन्सरवरच्या दर चार ठिपक्यांपैकी दोन हिरवा उजेड टिपतात, एक लाल आणि एक निळा. स्टेज पूर्ण निळं झालं की चारातला एकच नीट काम करतो, बाकीचे जवळजवळ आंधळे. लाल लाइटमध्ये लाल ठिपके भरून वाहतात, बाकीचे रिकामे राहतात आणि चेहरा नाक-डोळ्यांशिवायचा सपाट लाल डाग होतो. डोळ्यांना ते छान दिसतं, म्हणून आपण फसतो.

चाळीसगावचे केकी मूस (१९१२–१९८९) टेबलावर वस्तू मांडून, उजेड हवा तसा वळवून फोटो काढत. टेबल-टॉप फोटोग्राफीत त्यांचं नाव झालं. उजेड त्यांच्या हातात होता, आपल्या हातात नाही. आपल्याला वाट बघता येते. लाइटवाला रंग फिरवतो, पण त्याचाही फेरा असतो. दोन गाणी नुसतं पाहिलं की पांढरा किंवा पिवळा लाइट कधी येतो ते लक्षात येतं. तेवढ्यातच चेहऱ्याचे फोटो काढायचे. निळ्यात काढायचेच असतील तर मागून लाइट असताना नुसती काळी आकृती घ्या, ती सुरेख येते. धुराचं यंत्र सोडलं असेल तर लाइटचे झोतही उठून दिसतात.

फोन असताना हा खटाटोप कशाला?

प्रश्न रास्त आहे. आजचा बरा फोन एका झटक्यात अनेक फोटो घेऊन ते एकत्र जोडतो, म्हणून त्याचे रात्रीचे फोटो स्वच्छ दिसतात. जुना कॅमेरा एकच फोटो घेतो. उभ्या माणसाचा, जवळून काढलेला फोटो फोनवर बहुधा सरसच येईल, हे मी मान्य करतो. स्वस्त फोनमध्ये खरा, लेन्स सरकवून होणारा झूम मात्र नसतो आणि साध्या कॅमेऱ्यात असतो. शिवाय फोन त्या जोडाजोडीत चेहरे गुळगुळीत करून टाकतो. मला घाम दिसलेला आवडतो.

आणि हो, कॅमेऱ्याच्या हाती रात्र देऊन फोन खिशात ठेवला तर त्याची बॅटरी घरी फोन करायला उरते. यात्रेत तेही लागतं.

कॅमेऱ्याला जपावं मात्र लागतं. अमळनेरला वैशाखात बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते, तिथली बारीक रेती लेन्सच्या नळीत गेली की नळी अडकते. दोन फोटोंच्या मध्ये कॅमेरा बंद करून खिशात ठेवावा. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या घोडेबाजारात मार्गशीर्षाची थंडी असते, थंडीत सेल लवकर बसतात. जादाचे सेल आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवा. लेझर लाइटचा झोत थेट लेन्सवर येत असेल तर कॅमेरा लगेच खाली करा. त्यानं सेन्सरवर कायमची रेघ पडू शकते, आणि डोळ्यांचं नुकसान तर त्याहून वाईट.

मागच्या माणसाचं काय?

"भो, हात खाले कर ना, काही दिखी नही ऱ्हायनं." हे मागून कुणी म्हणायची वेळच येऊ देऊ नये. कॅमेरा डोक्याच्या वर धरून ठेवायचा नाही. फोटोपुरता वर, लगेच खाली. पडद्याचा उजेड सर्वांत कमी करा, बटणाचा टिकटिक आवाज बंद करा. नाट्यगृहात आलापीच्या वेळी तो आवाज चार रांगांना ऐकू जातो. आयोजकांनी फोटो काढू नका असं सांगितलं असेल तर कॅमेरा खिशातच राहू द्या. मोठ्या कार्यक्रमांत बातमीदार फोटोग्राफरांनाही बरेचदा पहिली तीन गाणी आणि तीही फ्लॅशशिवाय एवढीच मुभा असते. आपणही तेवढंच धरावं. तीन गाणी फोटोंची, बाकीची ऐकायची.

एवढं करून हाती काय येतं?

शंभरातले पाच-सहा. तेवढे पुष्कळ झाले. रंग फारच बिघडले असतील तर फोटो काळा-पांढरा करा, मग दाणेही खटकत नाहीत. मेगापिक्सेलची काळजी करू नका. चार बाय सहा इंचांच्या छापील फोटोला १२०० बाय १८०० ठिपके, म्हणजे जेमतेम दोन मेगापिक्सेल पुरतात. दहा मेगापिक्सेलचा जुना फोटो कापून पावभर ठेवला तरी स्टुडिओत नीट छापून मिळतो.

वैशाखात शेजारच्या गावी त्याच मंडळींचा कार्यक्रम होता. भाची तासभर आधी जाऊन बांबूच्या कठड्याला टेकून बसली. फ्लॅश बंद, उणे एक, स्पोर्ट्स मोड. चाळीसच फोटो काढले. त्यातला एक ढोलकीवाल्याचा. गाणं संपवताना त्यानं थाप मारून हात चामड्यावर तसाच दाबून धरला होता, मनगटाला बांधलेला लाल दोरा दिसत होता आणि मान वर करून तो गायिकेकडं बघत होता. चेहरा जरा दाणेदार आला, डोळे मात्र लख्ख.

आठवड्यानं आम्ही तो छापून ढोलकीवाल्यांना नेऊन दिला. त्यांनी हात धोतराला पुसून फोटो कडांना धरला, बराच वेळ बघितला. मग उलटा करून भाचीसमोर धरला आणि म्हणाले, "बेटा, यावर तारीख लिही. गावाचं नावही लिही."